विंड चाइमसाठी कोणता धातू घ्यावा? तांब्याचा नाद लगेच विरतो – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गॅलरीत टांगायला स्वतः विंड चाइम बनवतो आहे आणि धातूपाशी घोडं अडलंय. मला खर्जातला, लांबत जाणारा नाद हवा आहे. बारीक नळ्यांची सततची किणकिण नको.

हाताशी दोन नळ्या आहेत. एक तांब्याची, गुंडाळीतून कापून सरळ केलेली. दुसरी अ‍ॅल्युमिनियमची. लांबी 60 सेंमी, व्यास आणि जाडीही सारखीच. दोऱ्याला अडकवून लाकडाने टोला दिला की तांब्याचा सूर बराच खाली लागतो, आणि तोच मला आवडलाय. पण तो ‘ठण्ण’ करून लगेच विझतो. अ‍ॅल्युमिनियमचा सूर वर लागतो, पण घुमत राहतो कितीतरी वेळ. मला खालचा सूरही हवा आणि घुमणंही. पितळ घेऊ का? की कांसं? स्टीलने सूर खाली येईल का, ते जड असतं म्हणून विचारतोय. आणि भोक नेमकं कुठे पाडायचं? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

तांब्याला लगेच नापास करू नका. गुंडाळीत येणारं तांबं तापवून मऊ केलेलं असतं, नाहीतर ते वळणारच नाही. मऊ धातू टोल्याची ऊर्जा आतल्या आत जिरवतो. सरळ लांबीत मिळणारी कडक तांब्याची नळी घेऊन बघा, फरक पहिल्याच टोल्याला कळेल.

सूर नुसत्या वजनावर ठरत नाही. धातूचा ताठपणा आणि घनता यांचं गुणोत्तर महत्त्वाचं. स्टील अ‍ॅल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट जड, पण ताठही जवळपास तिप्पट. त्यामुळे त्याच मापाच्या दोन्ही नळ्या साधारण एकाच सुरात वाजतात. तांबं जड आहे, पण त्या मानाने ताठ नाही, म्हणून त्याचा सूर पेटीच्या पाच-सहा पट्ट्या खाली जातो. पितळ आणखी किंचित खाली.

पण खर्जासाठी धातू बदलायलाच हवा असं नाही. लांबी वाढवा! नळीचा सूर लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. 60 सेंमीच्या नळीचा तार सा 30 नव्हे, 42.4 सेंमीवर मिळतो. म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची 60 ची नळी 70-71 केली की ती तुमच्या तांब्याच्या सुरापाशी येते, आणि घुमणं फुकटात. मी असतो तर डोळे मिटून हेच केलं असतं.

भोक टोकापासून लांबीच्या 22.4 टक्क्यांवर. 60 सेंमीला 13.4. तिथे नळी कंप पावत असताना जवळजवळ स्थिर असते, त्यामुळे दोरा नाद दाबत नाही. अगदी टोकाला भोक पाडलं तर चांगली नळीही बसक्या आवाजात बोलते. कापायच्या आधीच पारखून घ्या: त्या जागी दोन बोटांत हलकेच धरा आणि मधोमध टोला द्या.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाशी सहमत. कांशाबद्दल माझं मत: नाद अप्रतिम, घंटा त्याच जातीच्या मिश्रधातूच्या ओततात (साधारण 78 टक्के तांबं, 22 टक्के कथील). पण ते ठिसूळ. ड्रिल करताना तडा जाऊ शकतो, आणि तडा गेलेलं कांसं बद्द वाजतं. नळ्यांच्या भानगडीत न पडता कांशाच्या लहान वाट्या किंवा घंट्या टांगा.

सूर जुळवायचे असतील तर भूप धरा. त्यातले कोणतेही दोन सूर वाऱ्याने एकत्र वाजवले तरी कानाला खुपत नाहीत. सा 60 सेंमी धरला तर रे 56.6, ग 53.7, प 49, ध 46.5. मात्र सगळ्या नळ्या एकाच धातूच्या, एकाच व्यासाच्या आणि जाडीच्या हव्यात. थोड्या लांब कापा आणि कानशीने घासत सुरात आणा. घासल्यावर नळी गरम असते, निवल्याशिवाय सूर तपासू नका.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! स्टीलचा हिशेब वाचून डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अ‍ॅल्युमिनियम 71 सेंमी, भूप, हे पक्कं. शेवटची शंका: आमच्याकडे हवा खारी आहे. अ‍ॅल्युमिनियम टिकेल ना? आणि टांगायला तांब्याची तार चालेल का?

प्रतिसाद १

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर आपोआप धरतो, तोच त्याला जपतो. तांब्याची तार मात्र अजिबात नको. खाऱ्या ओलाव्यात तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अ‍ॅल्युमिनियम भोकापाशीच खाल्लं जातं. पॉलिस्टरची विणलेली दोरी वापरा आणि भोकाच्या कडा आतून-बाहेरून कानशीने गुळगुळीत करा, कारण दोरी तुटते ती बहुतेक वेळा तिथेच. मधली चकती कठीण लाकडाची ठेवा आणि तिला तेल पाजा, म्हणजे पावसात फुगणार नाही. धातूची चकती घातलीत तर पुन्हा तीच किणकिण सुरू होईल.