अनुभव धागा: निर्णय तुमच्यावर येऊन ठेपतो तेव्हा देवाकडे काय मागता?

संकट आलं की सगळे एकाच माणसाच्या तोंडाकडे बघतात. तो माणूस तुम्ही असाल तर तुम्ही कुणाकडे बघता? घर, संस्था, कारखाना, वॉर्ड, काहीही चालेल. काय मागितलंत, काय मिळालं, आणि मिळालं ते देवाचं की आपल्याच मनाचं हे कसं ओळखलंत, ते लिहा. चमत्कार शक्यतो नकोत. कुठल्याही धर्माचे या, न मानणारेही या.

*

२०२० साली मी नर्सिंग इन्चार्ज होते. कोविड वॉर्डची ड्यूटी लावायची म्हणजे आत कुणी जायचं ते पेन्सिलीनं लिहायचं. एकीचं बाळ तान्हं, एकीची सासू डायलिसिसवर. एक एकटी राहणारी. ती म्हणायची, माझ्यामागे रडायला कुणी नाही म्हणून दर वेळी माझंच नाव का? तिचं खरंच होतं. खोडून खोडून कागद मऊ पडला होता.

बायबलात २ इतिहासच्या २०व्या अध्यायात यहोशाफाट राजावर शत्रू एकजुटीनं चालून येतात. तो बायकापोरांसकट सगळ्यांदेखत देवाला सांगतो की आमच्यात बळ नाही, काय करावं सुचत नाही, डोळे तुझ्याकडे लागलेत. राजानं हे चारचौघांत म्हणावं! दुसऱ्या दिवशी पाळी बदलताना मी तो कागद सगळ्यांपुढे ठेवला. म्हटलं, मला सुचत नाहीये. पहिलं नाव माझं लिहा, पुढचं मिळून ठरवू. बाळवालीनं आपणहून वॉर्डाबाहेरचं सगळं लिखापढीचं काम उचललं. एकटी राहणारीनं एकाआड एक पाळी मागितली आणि ती मिळाली. आकाशवाणी वगैरे काही झाली नाही. सगळं कळतंय असा जो आव आणावा लागायचा, तो मात्र गळून पडला.

*

ताई, वाचून बरं वाटलं. आमचा भागीदारीतला कारखाना. ऑर्डरी आटल्या तेव्हा माणसं कमी करायची की सगळ्यांचे पगार, असा प्रश्न होता. भागीदार म्हणाला, देवासमोर चिठ्ठ्या टाकू. मी साफ नाही म्हटलं. ज्याची चिठ्ठी निघेल त्याला काय सांगायचं, देवाची इच्छा? गीतेत अर्जुन दुसऱ्या अध्यायातच शिष्य होऊन शरण जातो (२.७), आणि तरी अठराव्यात कृष्ण सगळं सांगून झाल्यावर म्हणतो, याचा पुरता विचार कर आणि मग तुला हवं तसं कर (१८.६३). प्रत्यक्ष भगवंत समोर असताना सही अर्जुनाचीच! पगार सगळ्यांचे कापले, आमचे सगळ्यांत जास्त. दोन चांगले कारागीर तरीही सोडून गेले. जप तेव्हाही चालू होता, आजही आहे. निर्णय घेताना डोकं ताळ्यावर राहावं एवढ्यासाठी.

*

आमच्यात इस्तिखारा असतो, म्हणजे निर्णयाआधी अल्लाकडे भलं काय ते मागणं. दोन रकात (आवर्तनं) नफल, म्हणजे ऐच्छिक, नमाज आणि नंतर दुआ, की यात भलं असेल तर सोपं कर, नसेल तर माझ्यापासून दूर ठेव. पुष्कळांना वाटतं स्वप्न पडलं पाहिजे. तशी काही अट नाही. जोडीला मशवरा, म्हणजे जाणत्यांशी सल्लामसलत, हवीच. वसतिगृह बंद ठेवायचं की नाही यावर मी दोन्ही केलं. मन एकीकडे झुकलं, त्याच बाजूची दारं उघडत गेली, तिकडे गेलो.

*

मी नास्तिक. ‘मला देवानं सांगितलं’ म्हणणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली काम केलंय. त्या वाक्यापुढे बैठकीत कुणी तोंड उघडत नाही. आकडे दाखवून माणसाशी भांडता येतं, देवाशी कसं भांडणार? वरच्या तिघांनी ते वाक्य वापरलेलं दिसत नाही, म्हणून लिहावंसं वाटलं.

*

दादा, अगदी पटलं. बायबलात यरुशलेमचा कोट पुन्हा बांधणारा नहेम्याही हल्ल्याची भीती असताना प्रार्थना करतो आणि लगेच रात्रंदिवस पहारा बसवतो (४:९). पहाऱ्याची पाळी कुणाची, ते त्यालाच ठरवावं लागलं असणार.

*

माझा अनुभव अर्धवट आहे. संस्था डबघाईला आली आणि मी पुष्कळ प्रार्थना केली, उत्तर काही आलं नाही. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती संत इग्नाशियस लोयोलांचा एक नियम मात्र कामी आला: मन खचलेलं असताना, आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलायचा नाही. संस्था चालवायची हे आधी ठरलेलं होतं, तेव्हा चालवतेय. राजीनामा लिहून ठेवलाय. मन थाऱ्यावर आलं की पुन्हा वाचेन, आणि तेव्हाही पटला तर देईन.