श्वान प्रशिक्षणावर घर चालतं का? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी. वय २९, पुण्यात राहतो, एका कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात ३५ हजार येतात. गेली २ वर्षं शनिवार-रविवार एका निवाऱ्यात भटक्या कुत्र्यांसोबत असतो. कोपऱ्यात दबून बसलेलं कुत्रं पहिल्यांदा आपणहून येऊन हाताचा वास घेतं, तेव्हा आठवड्याचा शीण जातो. आता हेच पूर्णवेळ करावंसं वाटतंय. एक जण ६ आठवड्यांत 'सर्टिफाइड ट्रेनर' करतो म्हणतोय, फी ६० हजार. भरावी का? मुलगी ४ वर्षांची आहे, त्यामुळे नोकरी सोडायची धास्ती वाटते.

प्रतिसाद १
११ वर्षं हेच करतोय, म्हणून सविस्तर लिहितो. घर चालतं, पण बस्तान बसायला मला ३ वर्षं लागली.

घरोघरी जाऊन शिकवायचं तर दिवसात ३-४ भेटींच्या वर होत नाहीत. कोथरूडहून खराडीला गेलात की भेट तासाची आणि बाकी वेळ रस्त्यावर. त्यात सगळ्यांना सकाळी ७ नाहीतर संध्याकाळी ६ हवे असतात. उन्हाळ्यात ते बरोबरच आहे, भर दुपारी डांबरावर पंजे भाजतात. मी भेटीचे १,००० घेतो. महिन्याला ६० भेटी झाल्या तर पेट्रोल, खाऊ, पट्टे वजा जाता ४५ हजारांच्या आसपास उरतात. पावसाळ्यात तेवढ्या होत नाहीत. म्हणून जवळजवळचे दोन-तीन भाग धरा आणि त्याबाहेरच्या कामाला नाही म्हणायला शिका.

कोर्सचं म्हणाल, तर आपल्याकडे या कामाला सरकारी परीक्षा सक्तीची नाही, पाटी कुणीही लावतं. श्वान प्रशिक्षकांच्या अमेरिकेतल्या सीपीडीटी-केए या परीक्षेला बसायलाच आधीच्या ३ वर्षांतला ३०० तासांचा अनुभव लागतो. पैसे भरण्याआधी त्या माणसाबरोबर चार घरं फिरा. चोक चेन (ओढली की गळा आवळणारी साखळी) किंवा काट्यांचा पट्टा बाहेर निघाला तर तिथूनच परत या.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते पट्ट्याला झटके देऊनच शिकवायचे. एक लॅब्राडॉर ताटाजवळ कुणी आलं की गुरगुरायचा. आम्ही ते बंद केलं, घरचे खूश झाले. महिन्याभरात तो न गुरगुरता घरातल्या मुलाला चावला. गुरगुरून तो 'लांब राहा' सांगत होता आणि आम्ही त्याचं ते सांगणंच बंद केलं होतं. त्या मुलाच्या हातावरचे टाके मी विसरलेलो नाही. तेव्हापासून कुणालाही 'इतक्या दिवसांत नीट करून देतो' असा शब्द देत नाही.

प्रतिसाद २
गिऱ्हाईक म्हणून सांगते. आमच्या बीगलला शिकवायला पहिले जे यायचे ते त्याला खाली नेऊन तासाभराने आणून सोडायचे. त्यांचं तो सगळं ऐकायचा, आमचं काहीच नाही. दुसऱ्या ताईंनी पट्टा माझ्या हातात दिला, सासूबाईंना पोळीचा तुकडा कधी द्यायचा आणि कधी नाही ते दाखवलं. सोसायटीतल्या पाच घरांना त्यांचाच नंबर दिलाय.

प्रतिसाद ३
मी पशुवैद्य आहे. निवाऱ्यात काम करताय तर रेबीजची प्रतिबंधक लस चावा बसण्याआधीच घेऊन ठेवा. घेतली असली तरी कुत्रं चावलं तर जखम १५ मिनिटं साबणाने धुऊन डॉक्टरांकडे जायचंच. आणि शांत कुत्रं अचानक अंगावर यायला लागलं तर आधी आमच्याकडे पाठवा. पुष्कळदा कान किंवा सांधे दुखत असतात, त्याला प्रशिक्षणाने उतार पडत नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार. कोर्सला तूर्त नाही कळवलं, लस या आठवड्यात घेतो. नोकरी ठेवून सकाळच्या दोन भेटींपासून सुरुवात करेन. चावणाऱ्या कुत्र्याचं काम पहिल्या वर्षी घ्यावं का?

प्रतिसाद १
एकट्याने नको. पहिलं वर्ष पिल्लांना द्या. साधारण ३ ते १४ आठवड्यांच्या वयात माणसं, आवाज, स्कूटर यांची भीती न बसता ओळख झाली तर पुढचं बरंच टळतं, आणि नेमकं तेव्हा बोलावणारे कमी असतात. चावणारं आलंच तर मला व्यक्तिगत निरोप करा, बरोबर जाऊ. त्याच्या तोंडाला बांधायची जाळी मी आणतो.