मदत हवी आहे: 'मास्क'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी. बी.ए.च्या मुलांसाठी इंग्लंडच्या दरबारातल्या 'मास्क' (masque) या जुन्या करमणुकीच्या खेळावर मराठीत टिपण लिहितेय आणि पहिल्याच शब्दाला अडलेय. नुसतं मास्क लिहिलं की पोरांना करोना आठवतो. 'मुखवटानाट्य' म्हणावं, तर त्यात नाट्य बेताचंच. खरा जीव नाच, गाणी, पोशाख आणि नेपथ्यात.

शिवाय नाचणारी कोण, तर खुद्द राणी! ६ जानेवारी १६०५ ला व्हाइटहॉलमध्ये पहिल्या जेम्सची राणी अ‍ॅन अकरा सख्यांसह भल्यामोठ्या शिंपल्यात बसून आली. सगळ्या नायजर नदीच्या कन्या, म्हणून तोंडाला आणि कोपरापर्यंत हातांना काळा रंग. राणीला तेव्हा सहावा महिना! शब्द बेन जॉन्सनचे, देखावे इनिगो जोन्सचे. बोलायची कामं धंदेवाईक नटांकडे, सरदार-बायका फक्त नाचणार. शेवटी त्या प्रेक्षकांतल्यांनाच हात धरून नाचायला ओढायच्या. याला 'नाटक' कसं म्हणू?

दुसरी अडचण 'अँटीमास्क'ची, म्हणजे मुख्य मास्कच्या आधी येणाऱ्या, त्याच्या अगदी उलट अशा विचित्र सोंगांच्या भागाची. १६०९ च्या खेळात आधी बारा चेटकिणींचा धिंगाणा, मग मोठ्यानं वाद्यं वाजली की नरकाचा देखावा गायब आणि कीर्तिमंदिरात बारा राण्या बसलेल्या. 'प्रतिमास्क' फारच कृत्रिम वाटतं. आमच्या एका सरांनी 'सोंगांचा पूर्वरंग' सुचवलंय. मला आवडलं, पण पूर्वरंग म्हटलं की कीर्तनच डोळ्यांसमोर येतं.

जुन्या कोशात किंवा नाट्यविषयक पुस्तकात कुणाला प्रतिशब्द सापडलाय का? की सरळ 'मास्क' ठेवून तळटीप देऊ?