योसेमिटीची कॅम्पसाइट ब्लॅकने घ्यावी का? आणि हा बाजार थांबवायचा कसा? (मदत हवी आहे)

मोगरा_सॅनहोजे:

नमस्कार मंडळी. दोन प्रश्न आहेत. पहिला माझ्या घरचा, दुसरा सगळ्यांचा.

आई-बाबा इस्लामपूरहून आलेत, ऑगस्टमध्ये परत जातील. बाबा ६९ वर्षांचे. तरुणपणी सह्याद्रीत खूप हिंडलेत, राजगडावर पद्मावतीच्या देवळात मुक्काम करून पहाटे बालेकिल्ला गाठणारा माणूस. योसेमिटी या कॅलिफोर्नियातल्या राष्ट्रीय उद्यानात जायचं आहे, पण त्यांना हॉटेल नको आहे. "हाफ डोमच्या पायथ्याशी एक रात्र तंबूत काढू, मग मी काही मागणार नाही," एवढंच म्हणाले. (हाफ डोम म्हणजे तिथला प्रसिद्ध खडकाचा डोंगर.) गुडघे आता पूर्वीचे राहिले नाहीत, पुढच्या खेपेला येणं होईल न होईल, म्हणून मी हे फार मनावर घेतलं आहे.

आम्हाला हवी होती योसेमिटीच्या दरीतल्या अप्पर पाइन्स या कॅम्पग्राउंडची जागा. १५ जून ते १४ जुलैचं आरक्षण १५ फेब्रुवारीला सकाळी सातला उघडलं. मी, नवरा आणि लेक, तिघं तीन लॅपटॉप घेऊन पावणेसातपासून बसलो होतो. लॉग-इन झालेलं, कार्डाची माहिती भरलेली, पसंतीच्या दहा जागांचे नंबर कागदावर लिहिलेले. सात वाजले आणि पहिल्या नंबरवर क्लिक केलं तर ती गेलेली. दुसरी गेलेली. लेक पेनने एकेक नंबर खोडत होती. सात वाजून चार मिनिटांनी दहावा नंबर खोडला. तो कागद अजून आमच्या फ्रिजवर लावलेला आहे, काढायला हात होत नाही.

इथवर कोणाबद्दल तक्रार नाही. जागा मोजक्या, मागणारे असंख्य. पण गेल्या आठवड्यात जाहिरातींच्या एका साइटवर हे दिसलं: अप्पर पाइन्स, २३ ते २६ जून, तीन रात्री, ४५० डॉलर. मूळ भाव रात्रीला ३६, म्हणजे तिन्ही रात्रींचे १०८. मी त्या माणसाला मेसेज केला. त्याने आरक्षणाचा स्क्रीनशॉट पाठवला, नावावर काळी पट्टी मारलेली. मी तारखांबद्दल विचारलं तर उत्तर आलं, "दुसऱ्या तारखा हव्या असतील तर जुलैच्या अजून चार आहेत." तिथे मला कळलं की घरात काही अडचण आली म्हणून हातातली जागा देऊन टाकणारा हा माणूस नाही.

पैसे आगाऊ, झेलने (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सेवा). नाव माझं नाही तर आत कशी जाऊ, असं विचारल्यावर त्याने दोन वाटा सांगितल्या. एक, रात्री उशिरा पोहोचा, स्क्रीनशॉट दाखवा, मित्राने आरक्षण केलंय म्हणा. दोन, ठरलेल्या मिनिटाला तो रद्द करेल आणि त्याच क्षणी मी घ्यायची.

बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही. ४५० डॉलर आम्हाला जड नाहीत, हेही खरं सांगते. कोणी असं घेतलंय का? दारात अडवतात का? आणि अशा माणसाची तक्रार कुठे करायची?

डोंगरवाट:

ताई, घेऊ नका. मी सॅक्रामेंटोला असतो, १४ वर्षं कॅम्पिंग करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

ज्याच्या नावावर आरक्षण असेल त्याने फोटो असलेलं ओळखपत्र घेऊन स्वतः हजर राहायचं, असा योसेमिटीचा नियम आहे. "मित्राने केलंय" हे चालत नाही. एखाद्या रात्री कोणी तपासलं नाही तर तुम्ही सुटाल. पण तपासलं तर? सत्तरीच्या घरातल्या वडिलांना घेऊन रात्री दहाला परत फिरायचं, दरीत दुसरी खोली मिळत नाही, आणि खाली मॅरिपोसा गावापर्यंत अंधारात तास-सव्वा तासाचा घाट. हा जुगार आईवडिलांना सोबत घेऊन खेळू नका.

दुसरी वाट त्याहून वाईट. रद्द झालेली जागा फक्त तुम्हाला दिसते असं नाही, सगळ्यांना दिसते. तिच्यावर डोळा ठेवून बसलेले हजारो जण आहेत. तुमचे पैसे आधीच गेलेले आणि जागा तिसऱ्याच्याच हातात. झेलने पाठवलेले पैसे परत मिळवणं किती अवघड, ते बँकेला विचारा.

आता काय करायचं ते सांगतो. जाण्याआधीच्या दोन आठवड्यांत बरीच आरक्षणं रद्द होतात. रिक्रिएशन डॉट गव्ह या आरक्षणाच्या सरकारी साइटवरच जागा मोकळी झाल्याची सूचना मागवता येते, कॅम्पनॅबसारख्या सेवाही आहेत. त्या फक्त तुम्हाला कळवतात, जागा स्वतःच्या नावावर घेऊन विकत नाहीत, तेव्हा ते वापरायला मन खाऊ देऊ नका. शनिवार-रविवार सोडा. सलग तीन रात्रींचा हट्ट सोडा. एक रात्र मागितलीत तर पुष्कळ शक्यता वाढते. लोअर पाइन्स, नॉर्थ पाइन्स हेही शोधात ठेवा, तिन्ही एकमेकांना लागूनच आहेत.

दरीतलंच कॅम्प फोर म्हणाल तर त्याचं आरक्षण आठवडाभर आधी उघडतं, माणशी १० डॉलर. पण तिथे एका जागेत अनोळखी लोकांबरोबर तंबू लावावा लागतो आणि सामान पार्किंगपासून वाहून न्यावं लागतं. तुमच्या आईंना कितपत जमेल ते बघा. टायोगा रस्त्यावरचं पॉर्क्युपाइन फ्लॅट वगैरे मी सुचवणार नाही. आठ हजार फुटांच्या वर आहे, नळाचं पाणी नाही.

नदीकाठ:

मला जरा वेगळं वाटतं, राग मानू नका. तो माणूस पहाटे उठला, जागा मिळवली. ज्याला वेळ नाही तो जास्त पैसे देऊन घेतो. दोघेही खूश. यात फसवणूक कुठे आहे?

मोगरा_सॅनहोजे:

नदीकाठ, रागवत नाही. मीही दोन दिवस हेच मनाशी घोळवत होते. पण आम्हीही पहाटे उठलो होतो. आणि ३६ डॉलर हा भाव मुद्दाम ठेवलेला आहे. पार्कला हवं असतं तर त्यांनीच ३०० लावले असते आणि तरीही सगळ्या जागा भरल्या असत्या. ज्याच्याकडे एक जुना तंबू आणि गाडीत पेट्रोल एवढंच आहे, त्यालाही त्या झाडांखाली झोपता यावं म्हणून तो भाव आहे. मधल्या माणसाने ४५० केले की नेमका तोच माणूस बाहेर पडतो. वरचे ३४२ डॉलर ना झाडांना जातात, ना संडास साफ करणाऱ्यांना.

डोंगरवाट:

अगदी खरं. आणि त्या माणसाला धोका किती आहे ते बघा. आरक्षण रद्द केलं तर १० डॉलर कापले जातात, बाकी पैसे परत. अगदी आदल्या दिवशी केलं तर पहिल्या रात्रीचं भाडंही जातं. म्हणजे पाच जागा अडवून ठेवल्या, दोन विकल्या, उरलेल्या तीन काही दिवस आधी रद्द केल्या, तर ३० डॉलरचं नुकसान आणि सहा-सातशेंची कमाई. जोवर जागा अडवून ठेवणं इतकं स्वस्त आहे तोवर हे चालणार. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांसाठी २०२३ मध्ये कायदा झाला, त्यात आयत्या वेळी रद्द करणाऱ्याचे पैसे जप्त करायची तरतूद आहे. योसेमिटी केंद्र सरकारचं, त्याला तो लागू नाही.

दरीत एका माणसाला मे ते मध्य सप्टेंबर मिळून फक्त सात रात्री राहता येतं, हा नियम आहेच. तुमच्या त्या माणसाकडे जूनच्या तीन रात्री आणि जुलैच्या अजून चार जागा असतील तर बहुधा एकतर तो नियम मोडतोय, नाहीतर घरच्यांच्या नावांनी घेतोय. तक्रारीत हे नक्की लिहा.

व्हँकुव्हरकर:

आमच्याकडे ब्रिटिश कोलंबियात २०१६ मध्ये यावरून मोठा गदारोळ झाला होता. टूरवाले प्रांतिक उद्यानांतल्या जागा आरक्षित करून पाहुण्यांना चढ्या भावाने देत होते. तेव्हा सरकारने दुसऱ्याच्या नावावर जागा करून देण्याची वाटच बंद केली. आता ज्याच्या नावावर परवाना, तो माणूस तिथे हवा. लाँग वीकेंडला जागा मिळवणं अजूनही कठीण आहे. पण विकत घेतलेलं नाव दारात चालत नाही म्हटल्यावर विकत घेणार कोण?

एक अडचण मात्र खरी आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या धाकट्याला ऐनवेळी ताप भरला. मित्र त्याच तारखांना यायला तयार होता, पण त्याला जागा देता आली नाही. हळहळ वाटली. शेवटी रद्द केली आणि ती दुसऱ्या कोणाला तरी मिळाली असणार. नियम हवा असेल तर एवढं सोसावं लागतं, असं माझं मत झालंय.

आगगाडी:

तिकिटांचा ढीग उचलणाऱ्या सॉफ्टवेअरविरुद्ध अमेरिकेत २०१६ चा कायदा आहे, बॉट्स ॲक्ट. पण तो मैफली, नाटकं, खेळांचे सामने यांच्या तिकिटांपुरता. तंबूच्या जागा त्यात येत नाहीत. आपल्याकडे रेल्वे तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्याला रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी दलाल होतेच. म्हणून जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार पडताळणी सक्तीची केली आणि पहिला अर्धा तास एजंटांना बंदी घातली. माझा अनुभव असा की शिक्षेपेक्षा नाव पक्कं करण्याने जास्त फरक पडतो.

डोंगरवाट:

योसेमिटीतच याचं उदाहरण आहे. हाफ डोमच्या शेवटच्या चढावर धरायला लावलेल्या तारांवरून चढायला २०१० पासून परवाना लागू झाला, आधी फक्त शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांना. दीड डॉलरचा तो परवाना लोकांनी कितीतरी पटींनी विकायला काढला. २०१२ पासून पार्कने सोडत सुरू केली. अर्जात गटप्रमुखाचं नाव द्यायचं, हवं तर एका पर्यायी प्रमुखाचं, आणि त्यांतला एक जण चढाईला हजर पाहिजे. सात वाजता कोणाचं बोट वेगाने चालतं हा प्रश्नच संपला. नॉर्थ पाइन्ससाठीही सोडत करून पाहिली आहे. माझ्या मते दरीतल्या सगळ्या उन्हाळी जागा सोडतीने द्याव्यात, आणि पर्यायी नाव अर्ज करतानाच मागावं. म्हणजे आजारपण आलं तर घरचा दुसरा माणूस जाऊ शकेल, पण अनोळखी गिऱ्हाईक घुसवता येणार नाही.

ताई, तक्रार करताना जाहिरातीचा स्क्रीनशॉट, तारखा, मागितलेली रक्कम आणि जागेचा नंबर दिसत असेल तर तो, एवढं पार्कच्या कॅम्पग्राउंड ऑफिसला पाठवा. जिथे जाहिरात आहे त्या साइटलाही कळवा. नंबर मिळाला तर त्या जागेचा माणूस येईल तेव्हा ओळखपत्र बघणं त्यांना सोपं जातं.

मोगरा_सॅनहोजे:

सगळ्यांचे आभार. काल रात्री त्या माणसाला नको म्हणून कळवलं. त्याचा भाव लगेच ३०० वर आला, तरी नको म्हटलं. स्क्रीनशॉटमध्ये नावावर पट्टी होती पण जागेचा नंबर झाकायचा राहून गेला होता. तो पार्कला कळवला, जाहिरातीची तक्रारही टाकली. सोडतीची आणि पर्यायी नावाची सूचनाही वेगळ्या पत्राने पार्कला पाठवते आहे. मसुदा इथे टाकीन, सुधारणा सुचवा.

मग बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं केलंस. इस्लामपुरात सिनेमाचं तिकीट कधी ब्लॅकने काढलं नाही, इथे येऊन कशाला?"

मोगरा_सॅनहोजे (बारा दिवसांनी):

मिळाली! लोअर पाइन्स, मंगळवारची एक रात्र. सूचना आली तेव्हा मी भाजी चिरत होते, कांद्याच्या हातानेच फोन उचलला. पैसे ३६ डॉलर. फ्रिजवरच्या कागदाच्या खाली लेकीने नवा नंबर लिहून त्याला गोल केलाय.

आता शेवटचा प्रश्न, डोंगरवाट. अस्वलांसाठी खाण्याचं सगळं लोखंडी लॉकरमध्ये ठेवावं लागतं ना? आईने कांदा-लसूण चटणी, भाकरीचं पीठ आणि तीन लिटरचा कुकर काढून ठेवलाय. मावेल का?

डोंगरवाट:

अभिनंदन! लॉकर साधारण ४५ इंच रुंद, ३३ इंच खोल आणि १८ इंच उंच असतो. कुकर आरामात मावेल. टूथपेस्ट, साबण, बाबांचं डोक्याला लावायचं तेल, वासाचं जे जे असेल ते सगळं आतच ठेवा, गाडीत काही राहू देऊ नका. आणि तुमचं ओळखपत्र विसरू नका.