अडथळा आला म्हणजे वाट चुकली का?

देवाचं मार्गदर्शन असेल तर सगळं सुरळीत पार पडतं, अडथळे आले की समजावं वाट चुकली, असं एकांनी म्हटलंय. मला नाही पटत. बायबलच्या नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ काढून बघा. प्रेषित पौलाला आसियात (आजच्या तुर्कस्तानातला रोमी प्रांत) देवाचं वचन सांगायचं होतं, पवित्र आत्म्याने मनाई केली. शेजारच्या बिथुनिया प्रांताकडे निघाला, तिथेही तेच. कारण कुठेच दिलेलं नाही. मग त्रोवस बंदरात रात्री दृष्टान्त झाला, समुद्रापलीकडच्या मासेदोनियाचा एक माणूस मदतीला बोलावतोय. लगेच निघाले. आणि मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरात काय मिळालं? नदीकाठी लुदिया भेटली, तिचं सगळं घर विश्वासात आलं, हे खरं. पण पुढे छड्यांचा मार, आतला तुरुंग, पाय खोड्यात! आता याला चुकलेली वाट म्हणायचं का?

डोळे मिटून बायबलचं कुठलंही पान उघडायचं आणि त्यात कौल शोधायचा, हाही प्रकार आपल्यात बराच चालतो. त्यापेक्षा रोज थोडं सलग वाचावं, मंडळीतल्या (चर्चमधल्या) जुन्याजाणत्यांशी बोलावं. नोकरी बदलावी की नाही याचं उत्तर यायला वेळ लागेल कदाचित. पण कुणाचे घेतलेले पैसे परत करायला किंवा अबोला धरलेल्या भावाला फोन करायला दृष्टान्ताची वाट कशाला बघायची?