जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्यावर लेझर वेल्डिंगला छिद्रं पडून राहिली, गनची काचपण टिकत नाही. मदत हवी (नागपूर)

हिंगणारोड_फॅब्रिकेशन

नमस्कार मंडळी, आपलं हिंगणा एमआयडीसीत छोटं शेड आहे. हॉटेलवाल्यांचे एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) काउंटर, सिंक, भट्टीचे स्टँड हे बारा महिने चालू असते, आणि संक्रांत झाली की कूलरच्या बॉड्या, नागपुरात पत्र्याचं काम करून कूलर नाही बनवला तर लोक हसतील. दिवाळीनंतर हातानं चालवायची लेझर वेल्डिंग मशीन घेतली, फायबर, १५०० वॅट, वॉबलवाली (किरण डावी-उजवीकडे हलवणारी) गन, वायर फीडर आणि चिलर (गार पाणी फिरवणारा) सोबतच. एसएसवर तर काही बोलायलाच नको, १८ गेजच्या ३०४ एसएसचा कोपरा मारला की पत्रा वाकत नाही, निळाकाळा डाग नाही, बफिंगवाला पोट्टा अर्धा दिवस रिकामा बसून राहते.

घोडं अडलं जीआयवर. २४ गेजचा पातळ पत्रा एकावर एक चढवून शिवण मारली की फटफट आवाज, ठिणग्या तोंडाकडे, आणि ग्राइंडर फिरवला की टाचणीएवढी छिद्रं दिसतात. पावर कमी केली तर धरत नाही, वाढवली तर आरपार. स्पीड, वॉबलची रुंदी, फोकस सगळं फिरवून झालं.

दुसरं, गनमधली प्रोटेक्शन काच. हिवाळ्यात एक काच खूप चालायची, ऊन तापल्यापासून मधोमध काळा ठिपका पडते आणि गेली. गॅस आर्गनच आहे, सिलिंडर बदलून पाहिलं. शेडमध्ये डक्ट कूलर आहेत, त्यातला एक मशीनच्या मागंच लावला कारण ४५ डिग्रीत मशीनपण तापते ना भाऊ.

तिसरं, एसएसचा बट जॉइंट (कडेला कड टेकवून मारलेला). जे ब्लँक (मापात कापलेले तुकडे) बाहेरून लेझर कटिंग होऊन येतात त्यांची शिवण चकाचक, आणि आपल्याच शिअरिंगवर (पत्रा कापायच्या ब्लेडच्या मशीनवर) कापलेल्या पट्ट्यांना मधेच भोक. माणूस तोच, सेटिंग तेच. काहून?

मशीन विकणारा म्हणते ३००० वॅट घ्या, सगळं मिटते. घेऊ का? आणि लेझरचा चष्मा एकच आला सोबत, हेल्पर साधी वेल्डिंगची काळी काच लावते, चालते का ते पण सांगा.

वाडीचा_वेल्डर

भाऊ, पैसे खिशात ठेवा. तुमचं भांडण वॅटशी नाही, जस्ताशी आहे. जीआयवरचं जस्त ९०७ डिग्रीला उकळते आणि खालचं लोखंड वितळायला १५०० च्या आसपास लागते. म्हणजे लोखंड पातळ व्हायच्या आधीच दोन पत्र्यांच्या मधल्या जस्ताची वाफ झालेली असते, तिला जायला जागा नाही, मग ती तुमच्या वितळलेल्या शिवणीतूनच फुटून निघते. तोच फटफट आवाज. ३००० वॅटनं हेच होईल, फक्त जोरात.

करायचं काय, तर दोन पत्र्यांच्या मधे ०.१ ते ०.२ मिमीची फट सोडायची, फीलर गेजची (फट मोजायची) पट्टी लावून टॅक (अंतरा-अंतरावर छोटे ठिपके) मारायचे आणि पट्टी काढून घ्यायची. वाफ बाजूनं निघून जाते. यापेक्षा जास्त फट सोडली तर वरचा पत्रा खालच्याला लागतच नाही. नाहीतर जिथं शिवण येणार तिथलं जस्त दोन्हीकडून फ्लॅप डिस्कनं काढा, पण मग तिथं गंज धरेल, आणि कूलर म्हटल्यावर पाणी तर चोवीस तास. झिंक प्रायमर मारावाच लागेल.

आणि पोट्ट्यांना संध्याकाळी थंडी वाजून ताप येते का? येत असेल तर तो जस्ताच्या धुराचा ताप आहे. आपल्याकडे गूळ देतात, दूध देतात, त्यानं धूर काही कमी होत नाही. शिवणीच्या जवळ तोंड असलेला एक्झॉस्ट लावा, छतावरचा पंखा कामाचा नाही.

बुटीबोरीकर

मला तर प्रश्नच कळला नाही. २४ गेजच्या कूलर बॉडीला सलग शिवण लागतेच कशाला? स्पॉट वेल्डिंग मारा नाहीतर रिव्हेट मारा, टाकीच्या जागी सीलंट लावा, विषय संपला. अख्ख्या महाराष्ट्रात कूलर असेच बनून राहिले. लेझर एसएसवर पैसे कमावते, तिथंच चालवा. नवीन मशीन आली की लोक सगळंच तिच्यानं करायला पाहतात.

हिंगणारोड_फॅब्रिकेशन

बुटीबोरीकर भाऊ, बॉडीला रिव्हेटच मारतो, शिवण फक्त खालच्या टाकीला. सीलंट दुसऱ्या सीझनला सुटते आणि गिऱ्हाईक दारात उभं राहते, म्हणून हा खटाटोप. वाडीवाले भाऊ, फटीचं उद्याच करून पाहतो. ताप एका पोट्ट्याला आला होता खरा, आम्ही ऊन लागलं समजलो.

पुणेरी_टूलरूम

बाकीच्या दोन प्रश्नांना उत्तर देतो, थोडं लांबेल.

आधी बट जॉइंट. लेझरचा ठिपका मिलिमीटरच्या काही दशांशाएवढाच असतो. टिगवाला (आर्कनं वेल्डिंग करणारा) हातानं वायर घालून फट भरून नेतो, त्याच्या लक्षातही येत नाही. लेझरमध्ये फट असली की किरण मधून सरळ खाली निघून जातो, किंवा दोन्ही कडा वितळून मागे सरकतात आणि भोक पडतं. वायर न घालता मारायचं असेल तर फट जाडीच्या साधारण १० टक्क्यांपर्यंत असावी असा ठोकताळा आहे. तुमचा १८ गेज म्हणजे १.२ मिमी, म्हणजे फट ०.१ मिमीच्या घरात पाहिजे. शिअरिंगची कड एका बाजूनं दबलेली आणि दुसऱ्या बाजूनं बरवाली (खरखरीत काटे राहिलेली) असते, शिवाय ब्लेड बोथट असेल तर मीटरभर पट्टीत मधे पोट येतं. दोन पट्ट्या टेबलावर जोडून खालून मोबाइलची टॉर्च मारा, जिथून उजेड दिसेल तिथंच तुमचं भोक पडत असणार. ब्लेडला धार लावा, ब्लेडमधलं अंतर पत्र्याच्या जाडीप्रमाणे लावा, आणि तोवर त्या पट्ट्यांना वायर फीड चालू ठेवून वॉबल थोडा रुंद घ्या.

बाहेरून कटिंग करून घेता तिथे एसएस नायट्रोजनवरच कापायला सांगा. स्वस्तात हवेवर किंवा ऑक्सिजनवर कापून दिलं तर कड काळी-पिवळी येते, तो ऑक्साइडचा थर असतो, आणि तो काढल्याशिवाय वेल्ड करायला घेतलं तर शिवणीत घाण जाते. एमएस (साधं लोखंडी स्टील) जाड असेल तर ऑक्सिजनवरच कापतात, कारण तिथे लोखंड ऑक्सिजनमध्ये जळून स्वतःच उष्णता देतं, पण वेल्डिंगआधी ती कड घासायची.

आता काच. चिलरचं पाणी किती डिग्रीला ठेवलंय?

हिंगणारोड_फॅब्रिकेशन

२२ ला. उन्हाळा आहे म्हणून मुद्दाम कमी केलं.

पुणेरी_टूलरूम

मग सापडलं बहुतेक. नागपूरची मे महिन्याची हवा कोरडी असते, पण कूलरसमोरची नसते. कूलरच्या तोंडाशी हवा ३० डिग्री आणि आर्द्रता ७० टक्के धरा, तर दवबिंदू २४ च्या आसपास येतो. म्हणजे २४ पेक्षा थंड असलेल्या प्रत्येक गोष्टीवर पाणी धरणार, आणि तुमच्या गनमधून २२ डिग्रीचं पाणी फिरतंय. काचेवर, आतल्या लेन्सवर डोळ्यांना न दिसणारा ओलावा बसतो, त्यावर धूळ आणि जस्ताचा धूर चिकटतो, किरण पडला की तेवढा ठिपका तापतो आणि जळतो. काचेवर थांबलं तर नशीब, तीच काच तशीच चालवली तर मागची फोकस लेन्स जाते, आणि सोर्सच्या (किरण तयार होतो त्या पेटीच्या) आत पाणी धरलं तर खर्चाचा आकडा विचारू नका.

तर कूलर मशीनच्या मागून आजच काढा. शक्य असेल तर मशीनपुरती छोटी केबिन करून एसी लावा, नाहीतर साधा पंखा, पण ओली हवा नको. पाण्याचं तापमान दवबिंदूच्या दोन-तीन डिग्री वर ठेवा, मशीनच्या पुस्तकात वरची मर्यादा दिली असेल तेवढी पाळून. कामगारांवरचा कूलरही वेल्डिंगच्या टेबलाकडे तोंड करून नको, तो तुमचा आर्गन उडवून नेतो आणि एसएसमध्येही छिद्रं पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये तर कूलर बंद असूनही हेच होईल, २८ डिग्री आणि ९० टक्के आर्द्रतेला दवबिंदू २६ च्या वर जातो. सकाळी मशीन सुरू केल्याबरोबर गार पाणी फिरवू नका.

काच बदलताना पंखे बंद, गन आडवी धरायची, वरून उघडी ठेवायची नाही, बोट काचेला लावायचं नाही, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा बोळा. शर्टाच्या टोकानं पुसणारे पाहिलेत म्हणून सांगतोय.

चष्म्याचं मात्र सगळ्यात आधी करायला हवं होतं. हे क्लास ४ लेझर आहे, म्हणजे थेट किरणच नाही तर पत्र्यावरून उडालेला किरणही डोळा घालवतो, आणि तुमचं काम आरशासारख्या एसएसवर. फायबरचा किरण साधारण १०८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही, पण बुबुळातून सरळ पडद्यापर्यंत जातो. वेल्डिंगची काळी काच आर्कच्या उजेडासाठी असते, तिच्यावर लेझरचा आकडा लिहिलेला नसतो, तिचा भरवसा धरू नका. चष्म्यावर १०८० ची रेंज आणि ओडी (चष्मा किरण किती अडवतो त्याचा आकडा) छापलेला पाहिजे, ओडी ६ किंवा ७ वाला घ्या, शेडमध्ये जितकी माणसं त्या बाजूला फिरतात तितके. जुन्या सीओटू मशीनवर काम केलेला कोणी म्हणेल की साधं ॲक्रिलिक लावलं की झालं. सीओटूचा किरण १०.६ मायक्रॉनचा, तो ॲक्रिलिकमध्ये अडतो, फायबरचा साध्या ॲक्रिलिकमधून आरपार जातो. (सीओटू लेझर १९६४ मध्ये बेल लॅब्जमध्ये ज्यांनी बनवला ते कुमार पटेल जन्मानं बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, आम्हाला हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) टेबलाभोवती काळ्या रंगाच्या पत्र्याचा आडोसा करा, शेडचं दार रस्त्याकडे असेल तर आधी तिकडून. आणि नोझल जॉबला टेकल्याशिवाय लेझर सुटत नाही ती क्लिप असते ना, ती कोणी तारेनं शॉर्ट केली असेल तर काढून टाका.

हिंगणारोड_फॅब्रिकेशन

दादा, कूलर हटवला, पाणी २७ ला केलं, पुस्तकात चालते असं लिहिलं आहे. क्लिप शॉर्टच होती, मशीन लावून देणाऱ्यानंच दाखवलं होतं की असं केलं की सोपं पडते. काढली. चष्मे सांगितले आहेत, येतपर्यंत लेझर बंद, टिगवर काम चालू.

टाकीच्या फटीचं त्याच्या आधी सकाळीच तुकड्यांवर करून पाहिलं होतं, फटफट बरीच कमी झाली, पण लांब शिवणीत फट सारखी राहत नाही, पत्रा मधे बसते. काही उपाय?

वाडीचा_वेल्डर

सिलिकॉन ब्राँझची वायर लावून पाहा भाऊ, सीयूएसआय ३ मागा. ती हजार डिग्रीच्या आसपास वितळते, खालचं लोखंड वितळवायची गरजच नाही, म्हणून जस्तपण कमी जळते. गाड्यांच्या छताची शिवण कंपन्यांत अशीच मारतात. रंग सोनेरी दिसेल, टाकीला आतून कोण पाहते. पावर खाली आणा, किरण वायरवर राहू द्या, पत्र्यावर नको.

हिंगणारोड_फॅब्रिकेशन

वायर ०.८ मिमीची घेऊ का १.२ ची?

वाडीचा_वेल्डर

२४ गेजला ०.८. वायर मऊ असते, फीडरमधे यू खाचेचे रोलर टाका आणि दाब हलका ठेवा, नाहीतर गनपर्यंत येतायेता चपटी होते. आधी टाकीच्याच पत्र्याचे दोन हातभर तुकडे जोडा, पाणी भरून रात्रभर ठेवा, मग गिऱ्हाईकाच्या मालाला हात लावा.