बॅटरी नवी, तरी गाडी नुसती 'टक्' करते. स्टार्टर बदलू का?

धायरीची_ताई:
२०१३ ची पेट्रोल गाडी, मॅन्युअल गिअर. आठ दिवस झाले, किल्ली फिरवली की एकच 'टक्' आणि पुढे काही नाही. चौथ्या-पाचव्या खेपेला कधी लागते, कधी नाही. धक्का मारून दुसऱ्या गिअरवर सोडली की लगेच चालू होते. बॅटरी गेल्याच महिन्यात बदलली. गॅरेजवाले म्हणतात स्टार्टर (इंजिनला पहिली फिरकी देणारी मोटर) गेला, साडेसहा हजार. आईला मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला न्यायचं असतं, पहाटे धक्का मारायला माणसं कुठून आणू?

वारजे_७८:
बॅटरीच्या टर्मिनलवर (वायर जोडायच्या खुंटांवर) पांढरी-निळी पावडर जमली असेल. खायचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुऊन टाका.

कोथरूडचे_काका:
ताई, पैसे देऊ नका अजून. रात्री हेडलाइट लावून किल्ली फिरवा आणि भिंतीवरचा उजेड बघा. अगदी मंद झाला तर बॅटरी किंवा टर्मिनल. तसाच राहिला तर बॅटरी ठीक आहे, करंट स्टार्टरपर्यंत पोचत नाही किंवा परत येत नाही.

हे परत येणं लोक विसरतात. स्टार्टरची निगेटिव्ह बाजू म्हणजे इंजिनचं लोखंड. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून करंट बॅटरीच्या मायनसकडे परत न्यायला त्याला वेगळी वायर लागते, तिला अर्थ वायर म्हणतात. ती गंजली की सगळे दिवे लागतात, स्टार्टर मात्र फिरत नाही.

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचा मीटर) २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल इंजिनच्या उघड्या धातूवर. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष अर्थचा. मीटर नसेल तर जंपर केबलचं (दोन्ही टोकांना चिमटे असलेल्या जाड वायरचं) एक टोक मायनसला, दुसरं इंजिनच्या धातूला लावा, इंजिनच्या फिरणाऱ्या पट्ट्यापासून लांब. तेवढ्यावर गाडी लागली तर स्टार्टर निर्दोष.

धायरीची_ताई:
काका, उजेड तसाच राहिला. शेजारच्या दादांनी मीटर लावला, ४.१ आला! जंपर लावल्यावर पहिल्याच फिरकीत लागली. गिअरबॉक्सजवळ ती अर्थ वायर, म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी, सापडली. वरून धड दिसत होती, पण नट सोडला तर टोकाशी हिरवा भुगा, आणि हलवताच अर्ध्या तारा हातात आल्या. नाना पेठेतून नवी आणली, १८० रुपये. बसायची जागा पॉलिश पेपरने घासून बसवली. काल-आज मिळून नऊ वेळा चालू केली, एकदाही अडली नाही. उद्या शुक्रवार, निश्चिंत निघेन.

कोथरूडचे_काका:
फार बरं वाटलं. नट नीट आवळलाय ना? वरून थोडं ग्रीस लावा, पावसात पाणी तिथेच उडतं. बॅटरी नीट चार्ज होतेय ना हे कळायला, गाडी चालू ठेवून बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात का, तेही एकदा बघा. आईंना नमस्कार सांगा.